गाडीचा मोतीबिंदू

बेसा, नागपूर
११ जानेवारी २०२६

तीर्थस्वरूप जितूदादास,

काजलचा साष्टांग नमस्कार. मनकर्णावहिनींनाही नमस्कार सांग. त्यांचा गुडघा कसा आहे आणि तुरीला शेंगा कशा धरल्या आहेत, ते (याच क्रमाने) कळव. दिवाळीपासून तुला धड उत्तर दिलं नाही, याची लाज वाटते. ‘नानाजींचे डोळे झाले असतील तर न्यायला कधी येऊ?’ एवढाच तुझा साधा प्रश्न, आणि त्याचं उत्तर मी डायरीत लिहिते नि खोडते. फोनवर सांगावं तर नानाजी आवाज मोठा करून समोर बसतात. मेसेज करावा तर तोही आता ते माझ्या आधी वाचतात. म्हणून हे पत्र. नानाजींची तब्येत उत्तम आहे. गाडीची नाही, आणि उशीर झाला तो त्यामुळेच.

तुला ठाऊकच आहे, नानाजी लेकीच्या घरी कामाशिवाय थांबणाऱ्यांतले नाहीत. माझ्या लग्नाला वीस वर्षं होत आली. इतक्या वर्षांत ते आले, चहा प्यायले, सौरवला त्याच्या बँकेची खुशाली विचारली (बँक माणूस असल्यासारखी) आणि संध्याकाळच्या गाडीने खाप्याला परत. या वेळी मोतीबिंदूमुळे तरी राहिले. धंतोलीतल्या डॉक्टरीणबाईंनी दोन डोळ्यांमध्ये महिन्याभराचं अंतर सांगितलं तेव्हा मला इतका आनंद झाला की नंतर स्वतःलाच विचारावं लागलं, वडिलांच्या डोळ्यांना वेळ लागणार म्हणून खूश होते ती मुलगी कसली? पण नुसतं बसून खाणं त्यांना जमेना. दुसऱ्याच दिवशी त्यांनी माझी गाडी पुसायला घेतली. गाडी काळी, नवी आणि माझ्या एकटीच्या नावावरची पहिली. जुन्या धोतराचा तुकडा घेऊन, कोरडाच (पाणी कशाला वाया घालवायचं), बैलाच्या पाठीवरून हात फिरवावा तसा तो रोज सकाळी गोल गोल फिरवायचे. बेशात जिकडेतिकडे बांधकामं. रात्री बसलेली धूळ नानाजी सकाळी उठवायचे. मी गॅलरीतून बघायचे आणि आपल्या दारात आपलं माणूस आहे, असं वाटून उगीचच दुसरा चहा टाकायचे.

मग दुसरा डोळाही झाला आणि घरावर संकट आलं. त्यांना दिसत नव्हतं तोवर आमचं घर स्वच्छ होतं. पट्टी निघाल्यावर त्यांना पंख्यावरची धूळ दिसली, सौरवच्या शर्टाची कॉलर दिसली, आणि मी एवढी म्हातारी कधी झाले याची चौकशी झाली. एका सकाळी ते काळा चष्मा लावून खाली गेले आणि लगेच मला हाक आली. बॉनेटवर ऊन पडलं होतं आणि त्या उन्हाभोवती असंख्य बारीक गोल रेघा होत्या, कोळ्याने रात्रभर बसून विणल्यासारख्या. सावलीत गाडी आरसा, उन्हात जाळं. नानाजींनी जागेवर निदान केलं, "गाडीले मोतीबिंदू झाला वं." संशयितही लगेच ठरले. पहिला सौरव, कारण तो गाडीला टेकून फोनवर बोलतो. दुसरं खालच्या इंदूबाईंचं मांजर. तिसरा चौकीदार धोंडबा, ज्याचा गुन्हा एवढाच की तो गाडीजवळून जाताना तिच्यात बघून मिशी नीट करतो. आणि मग त्यांनी जाहीर केलं, "तिले अशी आजारी सोडून मी नाही जात. गाडीचे डोये साफ झाले, का मंगच खाप्याले." दादा, हे वाक्य लक्षात ठेव. मी ठेवलं आहे.

त्याच दुपारी मी कारण शोधलं. (शोधायला नको होतं. न शोधता राहता आलं असतं तर मी मी नसते.) जिथे बघावं तिथे एकच उत्तर. धुळीवरून कोरडं कापड गोल फिरवलं की प्रत्येक कण एकेक रेघ ओढतो. म्हणजे कोळी आमच्याच घरात होता आणि त्याचे डोळे आत्ताच कुठे बरे झाले होते. सांगावं का न सांगावं, यावर मी डायरीची पानं भरली. डॉक्टरीणबाईंनी डोळ्यांत पाणी जाऊ देऊ नका म्हणून बजावलं होतं. आतून येण्याबद्दल त्या काही बोलल्या नव्हत्या, पण तेही त्यातच धरायचं मी ठरवलं. न सांगण्याला इतका सोयीस्कर वैद्यकीय आधार मिळाल्यावर आपण खोटं वागतोय अशी शंका आली, म्हणून मी सौरवला विचारलं. त्याने विचारलं, मग मांजराचं नाव वगळायचं का?

बरं, उपाय तरी सरळ असावा ना? गाड्यांच्या सामानाच्या दुकानात गेले. दुकानदाराने कपाटभर बाटल्या मांडल्या. एक कंपाउंड, जाडसर, रंगाचा वरचा थर खरवडून रेघा काढणारं. एक पॉलिश, तेच काम हळू आणि नाजूकपणे करणारं. एक ग्लेझ, जे रेघा काढत नाही, नुसत्या बुजवतं, आणि चार धुण्यांत सगळं पुन्हा उघडं पडतं. आणि वर लावायला मेण. मॅडम, ग्लेझ घेऊन जा, लोकांना कळतसुद्धा नाही, असं तो म्हणाला. मी ग्लेझची बाटली हातात धरून बराच वेळ उभी राहिले. घरात एक गोष्ट बुजवून आले होते, त्यात गाडीचीही भर? शिवाय खरवडायचं म्हटलं तरी वरचा थर आधीच पातळ, आयुष्यात मोजक्या वेळा घासता येतो. त्याला म्हटलं, मनापासून सांगा, तुम्ही काय लावाल? तो म्हणाला, मी पांढरी गाडी घेतली. शेवटी मी सगळंच थोडं थोडं आणलं, जे कोणताच निर्णय न घेणारे लोक करतात.

सगळीकडे सल्ला असा की आधी एका कोपऱ्यात करून बघा. मी मागच्या दाराखालची जागा निवडली. नानाजींनी ती नामंजूर केली. नथ नाकात घालतात, टाचेत नाही, असं म्हणून त्यांनी बॉनेटच्या मधोमध बोट ठेवलं. कंपाउंड लावलं तिथे पोळीएवढा धुरकट डाग पडला. शेजारी पॉलिश लावलं, हलक्या हाताने, स्पंजाने, आणि काय सांगू, तिथे आकाश दिसायला लागलं. पण त्या एका चकचकीत वर्तुळामुळे उरलेली गाडी दुप्पट आजारी दिसायला लागली. इंदूबाईंनी खिडकीतून विचारलं, गाडीला गजकर्ण झालं का? त्यावर नानाजी बॅटरी घेऊन त्यांच्याच गाडीकडे गेले. मग त्या ओळीतल्या सगळ्यांच्या. तू ऐकलं असशील की काही गोष्टी एकदा दिसल्या की न दिसल्या होत नाहीत. रविवारी आमच्या दारात कॉलनीतली माणसं बायकोला बरं नसल्यासारखे चेहरे करून उभी होती. सोसायटीचे अध्यक्ष दत्तोपंत ऐटीत म्हणाले, त्यांची पांढरी आहे, तिला काही झालेलं नाही. नानाजी म्हणाले, पांढऱ्या गाईचा पिकला केस कोणाले दिसते?

तर पॉलिश ठरलं. आणि तिथेच मी सापडले. सुरू करण्याआधी नानाजींनी बाटली माझ्या हातात दिली आणि वरचं इंग्रजी मराठीत करून मोठ्याने वाचायला सांगितलं, सगळं, एकही ओळ न गाळता. कॉलेजात पोरांनी भाषांतराच्या उताऱ्यातली एक ओळ गाळली तर गुण कापणारी मी. बाटली हलवून घ्या, वाचलं. सावलीत लावा, वाचलं. पुढच्या ओळीशी थांबले. ते म्हणाले, वाच नं. मी वाचलं: धूळ असलेली गाडी कोरड्या कापडाने कधीही पुसू नये, जाळ्यासारख्या रेघा त्यानेच पडतात.

नानाजी खांद्यावरच्या धोतराच्या तुकड्याकडे बघत राहिले. धोंडबा मिशीला हात लावून उभा होता, तोही तसाच राहिला. मी डॉक्टरीणबाईंची आठवण काढून त्यांच्या डोळ्यांकडे बघत होते.

"मंजे हे आपल्या धोतराचं काम हाय," ते म्हणाले. मग थोडं थांबून, "मले वाटे, रोज चमक वाढून राहिली. चमक नाही वं वाढत व्हती. मोतीबिंदू वाढत व्हता."

आणि हसायला लागले. असे हसले की काळा चष्मा घसरून नाकावर आला. तुले कवापासून मालूम, असं त्यांनी मला विचारलं. मी खरं सांगितलं. सांगतलं काहून नाही? मी म्हटलं, डोळ्यांत पाणी नको म्हणून. तेव्हा ते म्हणाले, "डागदरनं रडू नको म्हटलं, बाई. हासू नको थोडीच म्हटलं." धोंडबाची त्यांनी रीतसर माफी मागितली. सौरवची नाही. तो टेकतो ते टेकतोच. मांजराला दूध मिळालं.

आता आम्ही दोघं रोज सकाळी एकेक भाग घेतो. आधी मी पाण्याने धुते, मग स्पंजाने पॉलिश लावते. वाकायची मनाई असल्यामुळे नानाजींकडे फक्त छत आहे, पण सूचना पूर्ण गाडीला आहेत. बॉनेट झालं, छत झालं, उजवीकडची दारं झाली. हात दुखतात आणि मी फार मजेत आहे.

तुझी,
काजल

ता. क. खरं सांगायचं तर हे सगळं काम दोन दिवसांत झालं असतं. डावं मागचं दार मी मुद्दाम ठेवलं आहे. कधी हवा बरोबर नाही म्हणते, कधी कॉलेज. संक्रांतीनंतर न्यायला येतोस म्हणालास. येऊ नकोस असं कसं म्हणू? तुझेही वडील आहेत. पण होळीपर्यंत ते दार पुरं होणार नाही असं माझ्या मनात आहे.

ता. क. २. येशीलच तर तुझी लाल गाडी आधी उन्हात नेऊन बघ. नानाजी तीही वर्षानुवर्षं पुसत होते, याच धोतराच्या दुसऱ्या अर्ध्याने. (हे सांगितल्याबद्दल क्षमस्व. आता तुलाही झोप लागणार नाही.)

ता. क. ३. पत्र बंद करायच्या आधी खाली जाऊन आले. पूर्ण झालेल्या बॉनेटवर उन्हात नव्या रेघा आहेत. ताज्या, गोल. आणलेल्या मऊ कापडांची घडी जशीच्या तशी आहे. धोतराचा तुकडा मी चिंध्यांच्या पिशवीत तळाशी टाकला होता. तो नानाजींच्या चष्म्याच्या डबीखाली सापडला, धुळीने भरलेला. ते समोर बसून पेपर वाचत होते आणि पेपरच्या वरून माझ्याकडे बघत होते. मी काही बोलले नाही. तूही बोलू नकोस.

डायरीत उद्याचं काम लिहिलं आहे: उचलून आणलेला धोतराचा तुकडा पुन्हा डबीखाली होता तसा ठेवणे.