ईस्टरची साक्ष

१४ एप्रिल १९७४, ईस्टर

आज साक्ष दिली! इतकी वर्षं चर्चच्या बाकावरून उठायचा धीर झाला नव्हता. पाय कापत होते. म्हणाले, "जानेवारीत माझ्या पतीच्या पोटातली गाठ काढली. देवाने त्यांना पूर्ण बरं केलं." सगळ्या मंडळीने एका आवाजात आमेन म्हटलं. गिरजाबाईंचा तरणा मुलगा अंथरुणाला खिळलेला आहे. त्या दारात माझा हात धरून रडल्या. हे पुरुषांच्या बाजूला बसले होते. गीतपुस्तकातून मान वर केली नाही.

मागच्या गल्लीतल्या कस्तुराबाईने खीर पाठवली – त्यांच्याकडे बाबासाहेबांची जयंती. आम्ही केक दिला. दोन्ही घरांत गोड.

आता लिहिताना टोचतं आहे. डॉक्टर म्हणाले होते, "जखम छान भरलीय." 'पूर्ण बरं' हे शब्द माझे. आनंदाच्या भरात एवढं चालतं का?

२ मे

ह्यांचा ओव्हरटाइम रोजचाच झाला. सातला येतात, अर्धी भाकरी ताटात तशीच. उन्हाळा म्हणतात.

५ मे, रविवार

पाळकसाहेबांच्या सांगण्यावरून निगडीच्या प्रार्थनासभेत पुन्हा साक्ष दिली. पाय कापले नाहीत. याचीच भीती वाटते. परतताना गिरजाबाई म्हणाल्या, "बाई, तुमच्या साक्षीवर माझा दिवस निघतो."

२० मे

ह्यांनी पट्ट्याला नवं भोक पाडलं. खिळ्याने, माझ्याकडे पाठ करून. मी पाहिलं. विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं.

११ जून

शाळा उघडली. संध्याकाळी शिकवून येताना कस्तुराबाईने दारातून हाक मारली. "बाई, आत या. रागवायचं असंल तर माझ्यावर रागवा."

हे तिच्या खाटेवर झोपले होते. गुडघे पोटाशी. पोटावर फडक्यात गुंडाळलेली तापवलेली वीट.

ओव्हरटाइम कसला! कंपनीतली पहिली पाळी सुटली की तिचा नवरा भीमराज ह्यांना सायकलवर मागे बसवून इथे आणतो. कळ ओसरली की हे हातपाय धुऊन, भांग पाडून घरी येतात. महिना उलटला. तिने किती वेळा सांगितलं म्हणे, भाऊ, बाईंच्या कानावर घाला. तर ह्यांचं एकच – "तिने देवळात उभं राहून सांगितलंय. तिला खोटं पाडायचं नाही."

मी तिच्या चुलीपाशीच बसले.

१२ जून

रजा टाकून पुण्याला गेलो. गाठ परत आली आहे, यकृतापर्यंत. आता कापण्यात अर्थ नाही. मी विचारलं, दोन महिने आधी आलो असतो तर? डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही. निदान 'नाही' तरी म्हणायचं होतं!

परतताना बसमध्ये विचारलं, कधीपासून दुखतंय? मग म्हणाले, "ईस्टरच्या आधीपासून."

म्हणजे मी उभी राहिले तेव्हाही. मान वर केली नाही ती यासाठी.

"तिथेच हात धरून खाली का नाही बसवलंत?"

"तू किती खूश होतीस," म्हणाले.

मी देवाची कीर्ती वाढवायला निघाले होते. खरंच देवाची? की सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या, त्याची?

२३ जून, रविवार

पाळकसाहेबांनी विचारलं, कोणाला साक्ष द्यायची आहे? गिरजाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी चपलांकडे.

३० जून

काल ह्यांच्यासाठी प्रार्थना करायला बसले आणि काय मागावं कळेना. बरं कर म्हणू? ते तर मी करूनच टाकलं होतं, त्याला न विचारता. हे डोळे मिटूनच म्हणाले, "मोठं नको मागू. दुपारपर्यंतचं माग."

मागितलं – दुपारपर्यंत एवढी पेज पोटात राहू दे. कस्तुराबाई वीट बदलायला आली होती, ती थांबली. हात जोडले नाहीत, पण बसून राहिली. पेज राहिली. तिने वाटी धुतली आणि म्हणाली, "आता संध्याकाळचं मागा." हे हसले. कितीतरी दिवसांनी!

रोजची भाकर आज दे – प्रभूची प्रार्थना लहानपणापासून पाठ आहे. म्हणत आले. मागितली कधीच नव्हती.

४ जुलै

काल संध्याकाळी ह्यांना तासभर दारात बसायला मिळावं एवढं मागितलं. बसले. भीमराज कंपनीतल्या गमती सांगत होता. ह्यांनी त्याला तीच गोष्ट पुन्हा सांगायला लावली. आज सकाळी कूस बदलताना कळ येऊ नये म्हणून मागितलं. आली. तीही लिहून ठेवते. पुन्हा वाढवून सांगायची नाही. तरी आज देवावर रागावता आलं नाही. तो इथेच होता, त्या विटेच्या उबेइतका जवळ. हे भावनेच्या भरात लिहिते आहे का? नाही. दोनदा वाचलं. राहू दे.

८ जुलै

आज मागायला सुचलं नाही. नुसता हात धरून बसले.

१४ जुलै, रविवार

उभी राहिले. म्हणाले, "ईस्टरला मी जास्तीचं बोलले. माझे पती बरे झाले नव्हते. मंगळवारी आपण त्यांना माती दिली. पण शेवटचे दिवस आम्ही सकाळी दुपारपुरतं मागत होतो, दुपारी संध्याकाळपुरतं. कधी मिळालं, कधी नाही. देव मात्र उठून गेला नाही." कोणी आमेन म्हटलं नाही. गिरजाबाईंनी पदर तोंडाला लावला. मी बसणार, तेवढ्यात शेवटच्या बाकावरून आवाज आला – माझ्यासोबत म्हणून आलेली कस्तुराबाई, आयुष्यात पहिल्यांदा आमच्या देवळात:

"खरं हाय. म्या बघितलंय."