जळाईचा होकार

कोल्हापूर, मंगळवार पेठ
१२ जून १९८४

प्रिय हंबीर यास,
स. न. वि. वि.

तुझे कार्ड पावले. मोतीबिंदूमुळे तुला दिसत नाही, आता पत्रे अंबूबाईच वाचून दाखवतात आणि तू सांगशील तसे लिहून घेतात, हे कळले. अक्षर पाहूनच ओळखले होते. माझे वडील वडगावच्या शाळेत मास्तर होते तेव्हा तुझी ही धाकटी बहीण चौथीत होती. ‘ळ’ला तेव्हाही असेच वळण होते.

पुतण्या नृसिंहाने अमेरिकेहून एक विलक्षण खेळ पाठवला आहे. पट नाही, सोंगट्या नाहीत. एकाने सूत्रधार होऊन जग रचायचे, दुसऱ्याने त्या जगात कुणीतरी होऊन वागायचे. वीस बाजूंचा एक फासा आहे, आणि देवदैत्यांची यादी असलेले जाड पुस्तक. प्रत्येकापुढे आकडा, कुणात किती बळ याचा. त्यांचे देव घाव लागून मरतातसुद्धा! मला ते रुचले नाही. मी माझे निराळे ब्रह्मांड रचले आहे आणि तुला टपालाने त्यात बोलावतो आहे. फासा मी इथे टाकीन, निकाल कळवीन.

नियम थोडे आहेत. देवाच्या उंबऱ्याशी जितके भक्त येतील तितके त्याचे बळ. घरी बसून आठवण काढणारा मोजायचा नाही. चाळीस वर्षे हजेरीपट भरले, ती खोड. बळ शून्य झाले की देव नाहीसा होतो. दैत्याला देव मारता येत नाही, मात्र देवाने स्वतः होकार दिला तर त्याला चाकरीत घेता येतो. नऊ देव चाकरीला लागले की तो दैत्य नवव्या पाताळाचा राजा.

मोठमोठे देव केले आहेत. शिवाय एका मळ्यातल्या विहिरीवर जळाई नावाची लहानशी देवी बसवली आहे. तिला एकच भक्त. तो दर पौर्णिमेला दिवा घेऊन येतो.

हे अंबूबाईंना सावकाश वाचायला सांग.

लोभ आहे तो वाढावा.
तुझा,
यज्ञेश्वर


पेठ वडगाव
२१ जून १९८४

यज्ञा मास्तरास हंबीररावचा रामराम.

तुझं पत्र अंबूनं दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा मी सांगितलं न्हवतं.

मास्तर, पेन्शन खाऊन डोकं फिरलं काय तुझं? पण खेळतो. सून चहा बी धड विचारंना, दिवसभर कट्ट्यावर बसून काय करू? मला दैत्य कर. देव हुण्यात काय राम हाय? नवस येत्यात, नारळ येत्यात, आनि पाऊस न्हाय पडला की शिव्या. मी बारा वर्सं दूध संस्थेचा चेअरमन हुतो, मला सगळं ठावं हाय. देव आनि चेअरमन दोघं बी माणसांच्या येण्यावर जगत्यात. माणसं यायची बंद झाली की खुर्ची बी जाती आनि शेंदूर बी.

माझी पैली चाल लिहून घे. मोठ्या देवाला हात लावत न्हाय. त्याच्या गावाची वाट नांगरून टाकतो. बघू कोन येतंय दर्शनाला.

अंबू म्हणते, मजकूर संपला. म्हणून संपला.

हंबीरराव


कोल्हापूर
१० ऑक्टोबर १९८४

प्रिय हंबीर यास,
स. न. वि. वि.

चार महिन्यांत तू माझ्या ब्रह्मांडाचे काय करून टाकलेस! वाटा नांगरल्यास, यात्रेत पटकीची आवई उठवलीस, पुजाऱ्यांत भांडणे लावलीस. भक्त आटले तसे देव वाळले, आणि शून्य होण्याआधी एकेकाने मान तुकवून होकार दिला. फासाही तुझ्याच बाजूने पडतो. आठ देव तुझ्या चाकरीत आहेत, त्यातले सात तबेल्यात शेण काढतात. ज्याच्यासाठी मी सबंध स्तोत्र रचले होते त्या सूर्यदेवाला तू दाराशी कंदील म्हणून टांगलेस आणि वर वात काजळते म्हणून शिव्या दिल्यास. हे मला खेळाच्या वहीत मांडावे लागले. तू मात्र हसला असशील.

आता नववा देव हवा. अजून सोळा उरले आहेत त्यातून कुणीही घे, पण जळाईला सोड. ती काय, एका बळाची देवी. तिच्यावर काल दोन ओळी सुचल्या, भुजंगप्रयातात:

कुणी दीप लावी जुन्या पायरीशी
उभी एकटी ती जळाच्या उशाशी

शाळेत आम्ही अशाच ओळी मोठ्याने घोकायचो. तुमच्या मळ्यातल्या विहिरीच्या काठावर मी म्हणायचो आणि घागर भरणारी थांबून ऐकायची. ते दिवस काय ते दिवस!

प्रकृतीस जप. मायेत अंतर पडू देऊ नकोस.
यज्ञेश्वर


पेठ वडगाव
१९ ऑक्टोबर १९८४

यज्ञास रामराम.

मला आंधळा समजतोस व्हय रं? डोळं गेल्यात, कान हायत की. जळाई कोन हे मला कळंना व्हय? घागर भरणारी म्हणं! नाव लिव्ह की. न्हाय लिवत तर मी लिवतो, आनि जिचं नाव हाय तिच्याच हातनं लिहून घेतो: अंबू.

लिव्हलं तिनं. हात थांबला न्हाय, कागदाचा आवाज ऐकतोय मी.

पन्नास वर्सांत ह्या घरात मी ही गोष्ट काढली न्हवती. तू काढलीस, दिवा लावून, ओळी जुळवून. मग ऐक. ऐकून घे अंबू तू बी, आनि लिव्ह. वैशाखात तू तिला नृसिंहवाडीच्या घाटावर बोलावलंस. तिथनं मिरज, मिरजंवरनं पुण्याची गाडी. ती गेलती. तू न्हाय. संध्याकाळी मी बैलगाडी घेऊन गेलतो तर बोचकं मांडीवर घेऊन बसलेली. देवाच्या दारात बसलेली, आनि देव आला न्हाय!

म्हणून मला दुसरा देव नगो. जळाईच पाहिजे. संचालक मंडळात मत म्हणजे मत, एका बळाचं असो न्हाय तर हजाराचं. तिला माझा निरोप सांग: विहीर सोड, माझ्या वाड्यात ये, शेण न्हाय काढायला लावत, पाताळाची चावी कमरेला देतो. न्हाय तर बस तुझ्या एका भगताची वाट बघत.

इचार तिला. होकार तिचा पाहिजे, तुझा न्हवं. नियम तुझाच हाय.

हंबीरराव


कोल्हापूर
२ नोव्हेंबर १९८४

प्रिय हंबीर यास,
स. न. वि. वि.

तुझे पत्र वाचून दोन दिवस जेवलो नाही. सूनबाई विचारत राहिली, काय झाले म्हणून. खेळात दैत्याला देव मारता येत नाही, फक्त चाकरीत घेता येतो, हा नियम करताना मी तुझाच विचार केला होता की काय, कोण जाणे.

त्या गुरुवारी मी निघालो होतो. पंचगंगेला पाणी आले होते, नाव सोडीनात. दुसऱ्या दिवशी पोचलो तो घाट रिकामा. वडिलांनी मग पुण्याला धाडले, आणि आयुष्य झाले. पण जळाईचा भक्त तिला विसरला नाही. तो अजून येतो. म्हणूनच ती अजून आहे.

सूत्रधार म्हणून जळाईचे उत्तर खरे तर मी द्यायचे. पण ते माझ्याने होत नाही. फाशावरही सोडवत नाही. तुमच्या देवघरात कौल लावण्याची चाल आहे. अंबूबाईंनीच देवीला दोन फुले लावावीत. उजवे पडले तर होकार, डावे पडले तर जळाई विहिरीवर राहील आणि तुझे पाताळ राजाविना राहील. जे पडेल ते मला मान्य. डावे पडेल असे माझे मन सांगते.

ओलावा राहू द्यावा, एवढेच मागणे.
यज्ञेश्वर


पेठ वडगाव
१४ नोव्हेंबर १९८४

ती. यज्ञेश्वरराव यांस,
सा. न. वि. वि.

हे पत्र दादाने सांगितलेले नाही. माझे आहे.

फुले लावली नाहीत. ज्याला आपल्या मनातले माहीत नाही त्याने कौल लावावा. मला माहीत आहे. जळाईचा होकार आहे. दादाला नववा देव मिळाला, तो राजा झाला, तसे तुमच्या वहीत लिहा. मी सांगितले तेव्हा तो मांडीवर थाप मारून इतका हसला की ठसका लागला. पाणी द्यावे लागले.

तुम्हाला वाईट वाटेल. पण मी तुमच्याच नियमाने गेले. दादा दैत्य आहे, त्यात खोटे काही नाही. घाटावरून त्याने मला केसाला धरून गाडीत घातले. महिन्याच्या आत कबनूरच्या बिजवराशी लग्न लावले. तिथे हातमागाच्या खड्ड्यात बसून मी जे सोसले त्यावर ओळी होणार नाहीत. नवरा गेल्यावर सासरच्यांनी बाहेर काढले, तेव्हाही दादाच गाडी घेऊन आला. वाटेभर मला शिव्या देत होता. पण आला.

त्या विहिरीवर मी तीस वर्षे रोज जाते. कोण येते, कोण नाही, मला ठाऊक आहे. कोल्हापूरहून वडगावला एस. टी. पाऊण तासात येते, दिवसाला दहा-बारा आहेत. तुम्ही पेन्शनीत निघून आठ वर्षे झाली. पौर्णिमा किती झाल्या, तुम्ही हिशेबी, मोजा.

आणि तुम्ही लिहिलेत, त्या गुरुवारी नदीला पाणी होते. पावसाळ्याला अजून महिना होता. घाटाखाली पात्र गुडघाभर होते, गुरे चालत पलीकडे जात होती. मी उन्हाने पोळलेले पाय त्याच पाण्यात सोडून दिवसभर बसले होते.

तेव्हा जळाईच्या नावापुढचा एक खोडा, तिथे शून्य लिहा. तो एक दिवसही नव्हता.

लोभाचे तुमचे तुम्ही पाहा.
अंबूबाई