मोज्यातल्या दोन बाटल्या

मी, आकाराम पिराजी चौगुले, वय वर्षे त्र्याहत्तर, निवृत्त अव्वल कारकून, तहसील कचेरी पन्हाळा, राहणार उत्तरेश्वर पेठ, कोल्हापूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. माझी बुद्धी शाबूत आहे, कोणाची जबरदस्ती नाही आणि मी कोणत्याही नशेच्या अंमलाखाली नाही. हे शेवटचे मुद्दाम लिहिले, कारण माझा चुलतभाऊ राजवीर गावभर सांगत फिरतो की आकाराम म्हातारपणी बाटलीला लागला. आज सकाळपासून फक्त चहा झाला आहे.

१. राहते घर माझा एकुलता एक मुलगा विश्वजित, सध्या मुक्काम बेल्जियम, यास द्यावे. विकायचे तर खुशाल विकावे. त्याने इथे येऊन राहावे अशी अट घालता येईल का, असे मी राजनंदिनी वकिलांना विचारले होते. घालता येते म्हणाल्या. मग मीच घातली नाही. अटीपायी आलेला माणूस घरात असून नसल्यासारखा.

२. बँकेतील ठेवीही त्यालाच. दर रविवारी तो फोन करतो, कधी चुकवत नाही, याची नोंद घ्यावी. फोन ठेवल्यावर घर आणखीच मोठे वाटते, हे मी त्याला कधी सांगितलेले नाही. इथे लिहून ठेवतो, वाचेल तेव्हा वाचेल.

३. माझी पत्नी कैलासवासी शालन हिचे दागिने नात सई हिला. आपली आजी काय होती हेही तिला कळावे. विश्वजितने पहिल्यांदा तिकडची ढगाळ, फिकट बियर आणली, तेव्हा मी आणि माझा मित्र वसंत इंगवले दोघेही शहाणे. गंगावेशीत दूधकट्ट्यावर ताज्या दुधाला आणतात तसा फेस आणायचा म्हणून वरून धार सोडली आणि अर्धी बाटली टेबलक्लॉथला पाजली. उरलेल्या अर्धीत काय आहे यावर आमचा वाद चालला होता. शालनने स्वयंपाकघरातून येऊन नुसता वास घेतला आणि म्हणाली, “धने हायत की ह्यात. आन् संत्र्याची साल.” बाटलीवर तेच लिहिलेले निघाले.

४. राजवीर चौगुले यास काही नाही. तो म्हणतो, सगळी बियर एकच. त्याला ताक आणि दहीही एकच वाटत असेल.

५. विश्वजितचे शाळेचे निळे मोजे शालनने जपून ठेवले होते, त्यातला एक जोड त्याने परत न्यावा. त्याला नवल वाटेल, म्हणून खुलासा करतो. शालन गेल्यावर मी आणि वसंत दर शनिवारी दोन बाटल्यांची चव ताडून बघायचो. एकाने बाटल्यांवर मोजे चढवायचे, दुसऱ्याने ओळखायचे. एक तिकडची, विश्वजितने आणलेली. एक आपल्याकडे, पुण्यात, बेल्जियन पद्धतीने केलेली. त्या दिवशी तांबडा रस्सा बंद, नाहीतर जिभेला काही कळत नाही. हलकीत लवंग लागते, पिकल्या केळाचा वास येतो. काळसर असते तिला गुऱ्हाळावरच्या काकवीचा वास असतो. माझे आठवड्याचे सहा दिवस त्या शनिवारवर निघायचे.

६. श्री. वसंत इंगवले, निवृत्त चित्रकला शिक्षक, यास कपाटाच्या खालच्या खणातली काळ्या बियरची बाटली द्यावी. विश्वजितने आणलेल्या दोनपैकी ती उरलेली. पहिली उघडली त्या शनिवारी वसंताने मोज्यातून पुण्याची बाटली चांगली ठरवली. मी म्हणालो, पुन्हा चाखून बघ. त्यावर तो म्हणाला, “आक्या, लांबनं आली म्हणून बाटली चांगली व्हईत न्हाय. तुझं पोरगं लांब हाय, म्हणून तुला ती ग्वाड लागतीया.” मी त्याला दार दाखवले. तो गेला. तेव्हापासून तीन दिवाळ्या झाल्या. मला तो निकाल आजही मान्य नाही.

मात्र एक गोष्ट लिहिणे भाग आहे. एकट्याने ही परीक्षा होत नाही. मी करून बघितली. मोजे आपणच चढवलेले असतात, त्यामुळे कुठल्यात काय आहे ते ठाऊक असते. डोळे मिटून, बाटल्या फिरवून बघितल्या, तरी बरोबर की चूक हे सांगायला समोर कोणी नसते. दुसरा ग्लास कोरडाच राहतो. मी फार एकटा पडलो आहे.

७. कलम ६ रद्द समजावे. खोडत नाही, कारण उभ्या नोकरीत मी खाडाखोड चालवून घेतली नाही. वकीलबाई म्हणाल्या, ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्षीदार म्हणून सही न केलेली बरी. मी रात्रभर विचार केला. बाटली वसंताला मिळेल तेव्हा मी नसणार. सही करायला मात्र त्याला मी असताना यावे लागेल. सबब, वसंत इंगवले यास माझ्या इस्टेटीतून काडीही देऊ नये.

८. कलम ६ मधील बाटली कोणालाच द्यायची नाही. ती आज सह्या झाल्यावर उघडावयाची आहे. जोडीला पुण्याची आणून ठेवली आहे. मोजे गणपतराव चढवतील. ते रोज दूध घालतात, स्वतः थेंबभर पीत नाहीत, म्हणून त्यांचा कुठल्याही बाजूला कल नाही. वसंताकडे निरोप त्यांच्याच हाती धाडला होता. येऊन म्हणाले, “गुरुजी येतो म्हणालं. पर सही करून जाईन, बसायचा न्हाय म्हणालं.”

बसावे अशी माझी इच्छा आहे. मृत्युपत्रात इच्छाच लिहायच्या असतात, म्हणून लिहिली.

वरील मजकूर मी पुन्हा वाचला, तो बरोबर आहे. दोन्ही साक्षीदारांच्या देखत खाली सही करत आहे.

ठिकाण: कोल्हापूर
शनिवार, दिनांक १३ डिसेंबर २०२५
(सही) आकाराम पिराजी चौगुले

साक्षीदार १: (सही) गणपतराव ज्ञानू खाडे, दूध व्यवसाय. सही माझ्यासमोर झाली. बाटल्यांची बुचं काढून मोजे मी चढवले. कुठल्यात कुठली ते कुणाला सांगितलेलं नाही.

साक्षीदार २: (सही) वसंत बाबूराव इंगवले. आकारामने माझ्यादेखत सही केली. त्या वेळी तो पूर्ण शुद्धीत होता.

ता. क. हे मृत्युपत्रात धरू नये. बसलो. दोघांनाबी डावीकडची आवडली. आक्या मोजा काढायला लागला, मी त्याचा हात धरला. म्हटलं, ऱ्हाऊ दे. उद्या पोराचा फोन आला की तुझीच चांगली निघाली म्हणून सांग. — वसंत