फोडणीविना पंधरा दिवस

६ मे

वहिनी सकाळच्या गाडीने गोंदियाला गेली, माहेरी. पाचवा महिना. लहानपणी तिला कांजण्या झाल्या नव्हत्या, आणि परवापासून तिच्या पोरीच्या, कुहूच्या पाठीवर पाण्याचे फोड. डॉक्टर म्हणाले, आजच्या आज यांना घरातून हलवा. धाकट्या बंटीलाही ताप आहे, म्हणजे त्यालाही निघणारच.

दादाची फर्स्ट शिफ्ट. घरात उरलो मी. कॉलेज सोडून सात महिने झाले. हा घरी बसून करतो काय, असं कारखान्याच्या कॅम्पातली अख्खी वस्ती विचारत होती. घ्या. सहा वर्षांची एक, साडेतीन वर्षांचा एक, आणि गॅस.

ऑटोत बसताना वहिनी पोरांच्या जवळ आली नाही, लांबूनच हात केला. मले म्हणाली, "भाऊजी, राग आला तर भांडे घासजा. पोट्ट्यायवर काढू नका."

७ मे

बंटीलाही निघाल्या. पलीकडच्या छत्तीसगढी साहू काकीने न विचारता फाटकाला कडुनिंबाची डहाळी बांधली. "माता आए हे बेटा. छौंक झन देबे, कढ़ाई झन चढ़ाबे. अउ काकरो घर झन जाबे."

दादा म्हणाला, आपल्या घरी माता-बिता काही नाही, व्हायरस आहे. वहिनीला फोन लावला. ती म्हणाली, माता असो की व्हायरस, पोरांच्या तोंडातही फोड असतात, तिखटाचा वाससुद्धा सोसत नाही. काकी म्हणते तसंच करा. ठरलं. खपल्या पडेपर्यंत फोडणी बंद, कुणाकडे जाणं-येणं बंद.

डहाळी मात्र दादाने काढली नाही.

दुपारी पन्हं केलं. उन्हाळ्यात पोरांना पन्हंच देतात, एवढंच डोक्यात. कैऱ्या उकडल्या, गर काढला, गूळ, वेलची. तासभर राबलो. बंटीने एक घोट घेतला अन् किंचाळला. तोंडातल्या फोडांना आंबट झोंबलं. त्याने कप फेकला, मी त्याच्यावर ओरडलो. साडेतीन वर्षांच्या पोरावर.

मग भांडी घासली. स्वच्छ होती तीही.

९ मे

बासी शिकलो. काकी भिंतीवरून सांगत होती, मी इकडे करत होतो. संध्याकाळचा भात मोकळा करून पाण्यात बुडवायचा, पातेलं माठाखालच्या ओल्या वाळूत ठेवायचं. सकाळी वरचं पाणी काढून ताजं घालायचं. चिमूटभर मीठ. पोरांसाठी कांदा नाही, चटणी नाही.

कुहूने दोन वाट्या खाल्ल्या. "काका, ये तो ठंडा भात है! मम्मी तं गरमच देते." बंटीला माझ्या हातून नको होतं. तिने भरवलं तर खाल्लं. परवाचं विसरला नाही तो.

बाकी: टरबूज, बिया काढून. मुगाची पातळ खिचडी. उकडलेला दुधी. कुहू म्हणते, बिमारवालं खाणं. म्हटलं, मग तू काय पहलवान आहेस?

१० मे

प्राचीचा मेसेज. जसाच्या तसा उतरवून ठेवतो.

"रविवारी १८ ला पाहाले येऊन राहिले. रायपूरचे. बाबांशी बोलायचं असंन तर त्याच्या आधी बोल. समोर ये. फोनवर नाही. आणि आवाज चढवू नको."

मी लिहिलं, पोरांना कांजण्या, घरून निघता येत नाही.

"माहीत आहे. आमच्या वहिनीचं बाळ दोन महिन्यांचं आहे, तेही माहीत आहे. पण रविवार काही सरकणार नाही."

दोन वर्षं झाली प्रा.ला आणि मला. ती तिसऱ्या वर्षाला गेली, मी एचओडीच्या टेबलावर फाईल आपटून बाहेर पडलो. तिचे बाबा, मेश्राम काका, दादाच्याच मिलमध्ये चार्जमन, कामगारांवर देखरेखीला. सुपेल्याच्या चौकात मी ऑटोवाल्याची कॉलर धरली होती तेव्हा नेमके माझ्यामागे स्कूटरवर तेच. नुसता हॉर्न वाजवला.

त्यांच्यासमोर जाऊन काय म्हणू? मी काय करतो म्हणू?

१३ मे

लिहायला लाज वाटते, पण लिहितो.

सकाळी एका मित्राने रायपूरवाल्याचा फोटो पाठवला. बँकेत आहे, कार आहे, हसणं आहे. दुपारचं वरण शिजत होतं. डोकं असं फिरलं की एवढे दिवस फिकं खाऊन राहिलो, आज मी माझ्यापुरतं फोडणीचं खाणारच. कढई चढवली. तेलातून धूर निघेस्तोवर उभा राहिलो. सहा लाल मिरच्या मोडून-मोडून टाकल्या.

कूलरची पाठ स्वयंपाकघराकडे आहे, हे लक्षातच नाही. सगळा ठसका त्याने ओढला आणि पोरं निजली होती त्या खोलीत फेकला. बंटी खोकत-खोकत ओकला. कुहूने डोळे चोळले, त्यात कपाळावरचे दोन फोड फुटले. दोघांना काखेत मारून अंगणात आणलं. बाहेर अडीचचं ऊन. मी स्वतः खोकून राहिलो, पोरं रडून राहिली.

आणि फाटकावर मेश्राम काका.

दादा डबल ड्यूटीला थांबला होता, त्याने त्यांच्या हाती कॅलामाईनची बाटली पाठवली होती. डहाळी पाहून ते बाहेरच उभे राहिले. नाकाला रुमाल. मिरची तिथवर पोचली होती.

"फोडणी दिली का रे?"

"हो."

"मिरची मोडून टाकली?"

"हो."

"अख्खी टाकत जा. मोडली का बिया जळतात." बाटली फाटकावरून दिली. बंटीकडे पाहिलं. "सावलीत ने त्यायले." आणि गेले.

पाच दिवस उरले होते आणि ते स्वतः माझ्या दारात आले होते. मी दोनदा हो म्हणालो.

फोडणी वरणावर ओतली नाही. पोरांसाठी वेगळं काढलेलं साधं वरण मीही खाल्लं.

१४ मे

बंटीचा ताप उतरला. मी जवळ गेलो की कुहूच्या मागे लपतो. मी कढईकडे बोट दाखवून म्हटलं, "तिला कट्टी." कढई माळ्यावर टाकून आलो. तो बघत होता. संध्याकाळी माझ्या हातून तीन घास घेतले. मोजले मी.

१७ मे

दादा अडीचला आला. म्हटलं, तासभर बाहेर जाऊन येतो. अंघोळ केली, इस्त्रीचा शर्ट घातला. काय बोलायचं ते मनात पक्कं केलं होतं. काका, मी परीक्षा पुन्हा देतो. काका, मी चुकलो. आवाज चढवायचा नाही.

मेश्राम काकांच्या गल्लीत शिरलो. घर दिसलं. अंगणातल्या दोरीवर बाळाचे लंगोट वाळत घातलेले, बारके-बारके, सात-आठ. वाऱ्यावर हलत होते.

शर्ट धुतलेला, पण तीच शाल, तीच उशी, तीच पोरं माझ्या खांद्यावर. सकाळीच बंटीची एक खपली माझ्या बाहीला चिकटून निघाली.

परत आलो. कुणी पाहिलं नसेल.

दादाने विचारलं, "का बे, इतक्यात?" उद्याच्या बासीचा भात लावला.

१८ मे

आज ते आले असतील.

टरबूज चिरलं. बिया काढत बसलो. एकही राहू दिली नाही.

१९ मे

सकाळी फाटकाला पिशवी टांगलेली. आत स्टीलचा डबा, बुडावर ठिपक्याठिपक्यांनी 'मेश्राम' कोरलेलं. सातूचं पीठ, साखर घालून. फोडणी नाही, तिखट नाही, दुधात कालवलं की झालं. पोरांनी वाटी चाटूनपुसून खाल्ली.

प्रा.ला विचारलं, तू ठेवला?

"नाही. बाबांनी आईला भरायला सांगितला. स्वतः ठेवून ड्यूटीवर गेले. त्यांनी शनिवारी तुले गल्लीतून परत जाताना पाहिलं. मले विचारलं, तो पोट्टा दारापर्यंत येऊन कावून परतला? मी म्हटलं, बाळामुळे असंन."

मग काय म्हणाले?

"बनियन वाळत घालून राहिले."

आणि रायपूरवाले?

"त्यांना पसंत आहे. बाबांनी अजून कळवलं नाही."

तू काय म्हणालीस?

दोन निळ्या टिक.

२१ मे

कुहूची शेवटची खपली काल पडली, बंटीची आज. दोघांना कडुनिंबाच्या पाण्याने अंघोळ घातली. काकीने डहाळी सोडली. डॉक्टर हो म्हणाले, वहिनी शनिवारी येते.

आई होती तेव्हा कुणाचा डबा रिकामा परत जाऊ द्यायची नाही. गूळ ठेव, चार चिंचा ठेव, पण काहीतरी ठेव. मेथांबा करायचं ठरवलं. हळूहळू खाता येतो, दहा-बारा दिवस टिकतो.

आधी कूलर बंद केला. मागचं दार उघडलं. पोरांना काकीच्या अंगणात बसवलं. मग माळ्यावरून कढई काढली. कैरीच्या फोडी आधीच करून ठेवल्या होत्या. तेल बेताचं तापवलं. मोहरी, मेथ्या, हळद. मिरच्या दोन. अख्ख्या. मग फोडी, झाकण, गूळ.

पंधरा दिवसांनी घरात फोडणीचा वास आला, ठसका नाही. बंटी दारात येऊन उभा. "काका, कढईशी बट्टी?" बशीत फोड दिली, फुंकून. मी त्याच्या तोंडाकडेच बघत होतो. झोंबलं नाही. दुसरी मागितली.

काका दोनला सुटतात, सव्वादोनपर्यंत घरी पोचतात. त्यांच्या दारात उभं राहून काय म्हणायचं ते या पानावर चार वेळा लिहिलं, चार वेळा खोडलं. कुहू विचारते, "काका, हम भी चलें?" तिला डबा धरायचा आहे.

पण डब्यात मेथांबा अजून गरम आहे. गरमावर झाकण लावलं की आत पाणी सुटतं, खराब होतो. निवू द्यावा लागतो.

दीड वाजला. सव्वादोनपर्यंत निवेल.