चौदा तासांचा खांदा

घरून,
ऑगस्टचा शेवटचा सोमवार

तीर्थरूप ओडेसाताईस,

धाकट्या थर्मनचा वाकून नमस्कार. (वाकल्यावर सरळ व्हायला हल्ली मेव्हिसचा हात लागतो, तेव्हा हा नमस्कार दोघांचा समज.) तुझे गुडघे कसे आहेत? तुमच्या डुलुथला ऑगस्टातच स्वेटर बाहेर काढतात असं ऐकलं. इकडे कॅरोलायनात सकाळी आठ वाजता शर्ट पाठीला चिकटतो. सेलेस्ट आणि तिची मुलं मजेत असतील. आमचं म्हणशील तर माझी साखर डॉक्टरांच्या मते जास्त आहे आणि माझ्या मते डॉक्टर वयानं फार लहान आहेत. मेव्हिसची तब्येत उत्तम, मला बोलण्याचा व्यायाम तिला रोज मिळतो. ख्रिसमसच्या कार्डावर नुसती सही करणाऱ्या भावाला नऊ वर्षांनी एकदम एवढं लांब पत्र कसं सुचलं, असं तुला वाटेल. शनिवारी आणि काल रविवारी जे घडलं ते आपल्या घरातल्या कुणाला तरी सांगायलाच हवं होतं आणि घरातलं म्हणावं असं आता तूच उरली आहेस.

तर मी निवृत्त झालो. एकतीस वर्षं शाळेच्या बसगाड्यांखाली आडवा पडून काढली, तेव्हा शार्लटहून आमच्या क्लिफ्टननं भेट म्हणून एक चूल पाठवली. चूल म्हणजे पेलेट ग्रिल. दिसायला पिंपासारखं, चार पाय, बाजूला एक डबा. त्या डब्यात लाकडाच्या भुशाच्या दाबून केलेल्या बारीक गोळ्या भरायच्या, आतलं मळसूत्र फिरून त्या आपोआप आगीत नेतं, पंखा वारा घालतो आणि माणसानं फक्त उष्णतेचा आकडा सांगायचा. दोनशे पंचवीस म्हटलं की दोनशे पंचवीस. फावडं नाही, निखारे नाहीत, डोळ्यांत धूर नाही. आणि हे सगळं विजेवर, ताई. प्लग लावून. चार महिने ते खोकं शेडमध्ये तसंच होतं, कारण बाबांचा मुलगा प्लग लावून डुक्कर शिजवतो हे गावात पसरलं असतं तर मला चर्च बदलावं लागलं असतं.

पण मेमध्ये चर्चच्या बैठकीत होमकमिंगच्या जेवणाचा विषय निघाला. गाव सोडून गेलेली सगळी माणसं त्या रविवारी परत येतात आणि यंदा त्यांना दुकानातलं तळलेलं चिकन घालायचं चाललं होतं. ते ऐकून मी उभा राहिलो आणि म्हणालो की डुकराचे दोन खांदे मी रांधून आणतो. (मेव्हिसनं माझा कोट खाली ओढला होता, पण शिवण उसवली आणि मी उभाच राहिलो.) तुझ्या वाढदिवसाच्या कार्डात सहीखाली एक ओळ जास्तीची होती ती हीच: यंदा होमकमिंगला मी रांधतोय. तू वाचली असशील. नसशील तर अक्षराचा दोष.

शनिवारी पहाटे पाचला उठलो. नऊ-नऊ पौंडांचे दोन खांदे, हाडासकट. आदल्या दिवशी मीठ, मिरी आणि मिरचीची पूड चोळून ठेवले होते. क्लिफ्टननं फोनवर बजावलं होतं की वर साखर चोळ आणि शेवटी तो लाल गोड सॉस ओत. शार्लटला राहून मुलगा हाताबाहेर गेला आहे, साखरेला मी हात लावला नाही. चूल चालू केली तर आधी तिनं मला घरच्या वायफायचा पासवर्ड मागितला, मग स्वतःला एक नाव द्यायला सांगितलं. मी काहीच टाइप केलं नाही, तर तिनं आपलं आपण 'माझी ग्रिल' असं नाव ठेवून घेतलं आणि निळा, बारीक धूर सोडायला लागली. खरं सांगतो, वास बरा होता. हिकरीच्या लाकडाचाच होता. मी खुर्ची टाकून बसलो आणि मनात म्हटलं, थर्मन, उगाच घाबरत होतास.

नऊ वाजता मी न्याहारीला आत गेलो आणि नंतर शेडमध्ये उगाच हत्यारं पुसत बसलो. फोन स्वयंपाकघरात राहिला होता. त्यावर चुलीनं निरोप पाठवला: 'आग विझली आहे. कृपया तातडीने लक्ष द्या.' आता आमचे पास्टर हल्ली रोज सकाळी सगळ्यांना फोनवर एकेक सुविचार पाठवतात. मेव्हिसला वाटलं तो आजचा. तिनं वाचला, तिला पटला, तिनं खाली 'आमेन' लिहून पाठवलं. वर मला जाता जाता म्हणाली की पास्टर आज फार खरं बोलले, आपल्या चर्चमध्ये कुणाच्यात धगच उरलेली नाही. मी म्हटलं, खरं आहे. एक तास, ताई, एक पूर्ण तास आम्ही दोघं चर्चच्या धगीवर गंभीरपणे बोलत होतो आणि बाहेर ती चूल नुसता पंखा फिरवत होती.

झालं होतं असं की पेलेटची पिशवी चार महिने शेडच्या ओल्या फरशीवर उभी होती. खालच्या गोळ्या फुगून त्यांची लापशी झाली होती आणि ती मळसूत्रात घट्ट बसली होती. बसगाड्या दुरुस्त केलेला माणूस मी, मळसूत्र सोडवायला मला वीस मिनिटं लागली. खांदे झाकणाखाली चांगले गरम होते, त्यांना काही झालं नव्हतं. पण उरलेला भुसा काढायला मी मेव्हिसचा व्हॅक्यूम क्लीनर आणला. तळाशी एक निखारा जिवंत होता. चुलीत जो विझला तो व्हॅक्यूमच्या पिशवीत जाऊन फुलला. त्या दिवशी आमच्या अंगणात सगळ्यांत दाट, सगळ्यांत एकसारखा धूर कुणी दिला असेल तर त्या व्हॅक्यूम क्लीनरनं. मी त्याच्यावर बागेचा पाइप धरला. मेव्हिस दारात उभी राहून बघत होती. ती काहीच बोलली नाही आणि एवढ्या वर्षांच्या संसारात मला सगळ्यांत जास्त भीती तेव्हा वाटली.

दुकानातून कोरडी पिशवी आणून परत आग लावली. दुपारपर्यंत मांसात खुपसलेला उष्णतेचा काटा एकशे साठवर चढला आणि दोनशेकडं जायचं सोडून तिथंच बसला. एक वाजला, एकशे बासष्ट. दोन वाजले, एकशे बासष्ट. मी काटा काढून पुसला, पुन्हा खुपसला. चुलीला दोन थपडा मारल्या. मळसूत्र ऐकलं, ते फिरत होतं. अडीच वाजता तो एकशे एकसष्टवर उतरला, तेव्हा मात्र मी हात टेकले. खुर्चीत बसून राहिलो.

आणि ताई, आता एक सांगायचं आहे. ती चूल मी कुठं ठेवली आहे ते. मागच्या अंगणात सपाट, सिमेंट केलेली जागा एकच आहे. बाबांची डुक्कर भाजायची विटांची भट्टी होती तिथं. नऊ वर्षांपूर्वीच्या पुरानं विटा कललेल्या होत्या हे खरं, पण त्या पुन्हा रचता आल्या असत्या हेही खरं. मी गाडीसाठी दुसरी शेड बांधायची म्हणून एका दुपारी त्या उचलून नेऊ दिल्या आणि वर सिमेंट ओतलं. ती दुसरी शेड तर पुढं बांधलीच नाही. त्याच वर्षी थँक्सगिव्हिंगला तू आलीस, त्या सिमेंटच्या कडेला पर्स हातात धरून उभी राहिलीस आणि दुसऱ्या दिवशी गेलीस. तू एक शब्द बोलली असतीस तर मी दहा बोललो असतो आणि भांडण होऊन मिटलं असतं. तू बोलली नाहीस. मग मीही नाही.

शनिवारी त्या जागेवर चार तास काही न करता बसलो, तेव्हा सगळं आठवत राहिलं. बाबा फावड्यानं निखारे सारताहेत आणि तू बादली उपडी घालून शेजारी बसली आहेस. तुला बसायची परवानगी होती, मला नव्हती, मी सहा वर्षांचा होतो. उजाडताना तू मला उठवायला यायचीस. तुझ्या केसांना, स्वेटरला, हातांना सगळा तोच वास. मूठ उघडून कुरकुरीत कातडीचा तुकडा माझ्या तोंडात घालायचीस आणि म्हणायचीस, बाबांना सांगू नको. बाबा समोरच उभे असायचे. तो वास त्या चुलीला येतो का, हे मी शनिवारी दहा वेळा झाकण उघडून पाहिलं. (झाकण उघडू नये असं पुस्तिकेत ठळक छापलं आहे. प्रत्येक वेळी अर्धा तास वाढतो.) जवळपास येतो, ताई. अगदी तोच नाही.

तीनच्या सुमाराला अल्स्टनकाका पेटिवे आले. शहाऐंशी वर्षं झाली, काठी आहे, तरी ट्रक स्वतः चालवतात आणि गाव त्यांना वाट देतं. बाबांच्यानंतर या भागात डुकराबद्दल त्यांचाच शब्द शेवटचा. त्यांनी चुलीला एक फेरी मारली, वायर काठीनं उचलून पाहिली आणि विचारलं, "डुक्कर मारलंस कशानं रे, शॉक देऊन?" मग दुसऱ्या खुर्चीत बसले. मी त्यांना काटा दाखवला, म्हटलं, काका, अडलंय, आकडा हलत नाही. ते म्हणाले, अडलेलं नाही, त्याला घाम येतोय, घाम आटला की आपण होऊन पुढं जाईल. तुझ्या बापाचंही असंच बसून राहायचं. त्याच्याकडं काटा नव्हता, म्हणून त्याला काळजी नव्हती.

नंतर त्यांनी विचारलं, "ओडेसा येतीय का उद्या?"

मी म्हटलं, काही कळवलं नाही तिनं.

"तू विचारलंस?"

मी म्हटलं, कार्डात लिहिलं होतं की मी रांधतोय.

"ते सांगणं झालं," ते म्हणाले. "मी 'विचारलंस का' म्हणतोय."

मी उठून डब्यात पेलेट भरल्या. डबा भरलेलाच होता.

साडेचारला काटा हलला. संध्याकाळी साडेसातला दोनशे तीन. खांदे कागदात गुंडाळून, मेव्हिसच्या लग्नातल्या टॉवेलांत लपेटून बर्फाच्या रिकाम्या पेटीत विसावायला ठेवले. (टॉवेलांबद्दल ती अजून बोललेली नाही. व्हॅक्यूमचं आधी संपायचं आहे.) तासाभरानं उघडले आणि हाड धरून ओढलं, तर ते असं स्वच्छ, कोरडं हातात आलं की मी ते तसंच धरून उभा राहिलो. मग दोघांनी मिळून बोटांनी मांस सुटं केलं. व्हिनेगर, लाल मिरची, मीठ, बस. मेव्हिसनं एक घास खाल्ला आणि डोळे मिटून म्हणाली, "व्हॅक्यूम माफ नाही. पण हे चांगलं झालंय."

काल चर्चच्या झाडांखाली टेबलं मांडली. ओळ अर्धी सरली तोवर माझी दोन्ही पातेली तळाला गेली. अल्स्टनकाकांनी दुसऱ्यांदा ताट पुढं केलं आणि चारचौघांत म्हणाले, विजेच्या मानानं बरं आहे. त्यांच्या तोंडून हे म्हणजे पदक. लोक माझा हात हलवत होते आणि मी त्यांच्या खांद्यावरून रस्त्याकडं बघत होतो. एक ताट मी आधीच वाढून झाकून ठेवलं होतं, कडेची कातडी त्यातच. दोनच्या सुमाराला एक राखाडी गाडी वळली, नंबराची पाटी उत्तरेकडची. पुढं बसलेल्या बाईच्या डोक्यावर टोपी होती, तुझ्यासारखी. मी ताट घेऊन पळालो, ताई. या वयात, चर्चच्या बुटांनी, गवतावरून. काच खाली आली. पेनसिल्व्हेनियाचं जोडपं, समुद्राकडं निघालेलं, वाट चुकलेलं. आता ताट हातात होतं आणि मी धापा टाकत होतो, त्यामुळं मी ते त्यांना दिलं आणि वाट सांगितली. बाईंनी एक घास खाऊन विचारलं, हे चिकन आहे का. मी म्हटलं, हो.

बाकी सर्व क्षेम. गुडघ्यांना जप. सेलेस्टला आणि मुलांना आशीर्वाद.

तुझा धाकटा,
थर्मन

ता. क. पत्राचं खरं कारण लिहायचं राहिलं. बाबांच्या सॉसमध्ये एका बाटली व्हिनेगरला मिरची किती, हे तुलाच ठाऊक आहे. मी अंदाजानं घातली. तेवढं प्रमाण लिहून पाठव.

ता. क. २. मेव्हिसनं पत्र वाचलं. ती म्हणते, प्रमाण बाबांच्या हातचं, पेन्सिलीनं लिहिलेलं, फडताळाच्या दाराच्या आतल्या बाजूला आहे आणि मी शनिवारी ते चष्मा लावून वाचलं. तेव्हा त्याचं उत्तर नको पाठवूस.

ता. क. ३. ती भट्टी पाडण्याआधी मी तुला विचारायला हवं होतं. ती माझ्या एकट्याची नव्हती. तेव्हा विचारलं नाही, म्हणून आता हे विचारतो: येशील का? पुढच्या होमकमिंगपर्यंत थांबायला नको. कुठलाही शनिवार चालेल. फक्त एक दिवस आधी कळव, कारण त्याला चौदा तास लागतात, आणि त्यातले चार तर नुसतं शेजारी बसायचं असतं.

ता. क. ४. पाकीट बंद करत होतो तेवढ्यात मेव्हिसनं आठवण केली की डॉक्टरांनी तुला डुकराचं मांस कायमचं बंद केलंय, असं सेलेस्टनं ख्रिसमसच्या कार्डात लिहिलं होतं. सहा पानं लिहून झाल्यावर ही बाई हे सांगते. बरं, मग कोबीची कोशिंबीर करू. पण ये.