सुमतीचं पाणी

कारंजा, वैशाख वद्य पंचमी, शके १८५७

संध्याकाळी सामायिकाच्या ध्यानाला बसलो तेव्हा खिडकीत अजून ऊन होतं. अठ्ठेचाळीस मिनिटं जागचं उठायचं नाही, मनात येईल ते नुसतं बघायचं. थोडा वेळ झाला असेल, तोच आतून सुमतीने हाक मारली, "पाणी देता काय?" बायकोच्या तापाचा आज अकरावा दिवस. तांब्या कोनाड्यात, तिच्या हाताच्या वीतभर पलीकडे.

ती हाका मारत राहिली, मी उठलो नाही. जीव कळवळला, तो कळवळा बघितला. हाका थांबल्या तेव्हा बरं वाटलं, तेही बघितलं. मन इतकं स्थिर कधी झालं नव्हतं. खोटं कशाला लिहू, अभिमान वाटला. तो मात्र बघायचा राहिला.

उठलो तर दिवस बुडालेला. तांब्या तोंडाशी धरला, तिने ओठ मिटले. सूर्यास्तानंतर पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही, हा तिचा लहानपणापासूनचा नेम. किती विनवलं.

"काहून घाबरता? सकाळी पेईन," म्हणाली. मग विचारलं, "म्या हाक मारली, तुमचं सामायिक मोडलं तर नाही ना?"

नाही म्हणालो. खरंच मोडलं नव्हतं.

आता पश्चात्ताप आला आहे. त्यालाही येऊ द्यावं, नुसतं बघावं, असंच ना? बघतो आहे. जात नाही. उठता आलं असतं, एवढंच पुन्हा पुन्हा म्हणतो.

भरलेला तांब्या आता तिच्या उशाशी आहे. अख्खी रात्र जायची आहे. ती कोरड्या ओठांवरून जीभ फिरवते, आणि मी बघतो.