दुपारी इस्त्री करणारे गृहस्थ

दि. ३ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

हे पत्र उभ्याउभ्याच लिहायला घेतलंय, कारण मला बसवतच नाहीये! बातमी अशी, की तुझी आत्या भुतं शोधणाऱ्या मंडळात शिरली आहे. हसून झालं की पुढे वाच. दादाला, म्हणजे तुझ्या बाबांना, एवढ्यात काही बोलू नकोस. तो लगेच फोन करील. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये सगळी नोकरी काढल्यावर आता नुसती रिंग वाजली तरी माझं कपाळ चढतं, हे तुला ठाऊक आहे. पत्रात निदान मधेच कुणी फोन कापत नाही.

मंडळ म्हणजे आम्ही तिघं. एक माझे दातांचे डॉक्टर. दाढ कोरताना ते मला भुतांच्या गोष्टी सांगत होते, आणि शेवटी येता का म्हणून विचारलं तेव्हा माझ्या तोंडात कापूस होता. मी जो आवाज काढला तो त्यांनी होकार धरला. दुसरी लिफ्ट दुरुस्त करणारी मुलगी, तुझ्याच वयाची, बोलायला फटकळ आणि कामाला चोख. डॉक्टरांकडे आवाज टिपायचं यंत्र आहे, कॅमेरा आहे, थंडी मोजायचं काहीतरी आहे. माझ्याकडे कान आहेत. बारीकशा खरखरीतून माणूस काय म्हणतोय ते ओळखण्यात माझा जन्म गेला, म्हणून मला घेतलंय असं डॉक्टर म्हणतात.

पहिली मोहीम फसली. बंद पडलेल्या पोहण्याच्या तलावाची भिंत ओलांडून आम्ही आत गेलो आणि कपडे बदलायच्या खोलीत दबा धरून बसलो. भुताऐवजी रखवालदार आला. त्याने अशी काही हजेरी घेतली की डॉक्टर स्वतःचं नावसुद्धा चुकीचं सांगून बसले. माझा गुडघा सोलवटला, पण काय मजा आली म्हणून सांगू!

आणि आता खरी गोष्ट. एका लाँड्रीवाल्या बाईंनी आम्हाला आपणहून बोलावलंय. त्यांचे यजमान जाऊन वर्ष होत आलं. दुकान खाली, राहणं वर. दुपारचं जेवण झालं की दुकानातून वाफेच्या इस्त्रीचा आवाज येतो. धप्प, मग फुस्स. पुन्हा धप्प, पुन्हा फुस्स. ते जिवंत असताना यायचा तसाच. यंत्र तर त्यांच्यामागे विकून टाकलेलं! रात्रीबेरात्री भटकणारं नाही, जेवून कामाला लागणारं भूत आहे हे. परवा जातो आहोत. डॉक्टर सगळं चित्रित करून लोकांना दाखवणार आहेत.

तुझ्या दवाखान्यात काय चाललंय? वेळेवर जेवत जा. माझ्यावरचा जीव आहे तेवढा राहू दे, थोडा वाढला तरी चालेल.

तुझी
आत्या


दि. ५ फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी दवाखान्यात, कान तपासायच्या त्या आवाजबंद काचेच्या खोलीत बसून वाचलं, म्हणून बरं. बाहेर कुणाला माझं हसणं ऐकू गेलं नाही. हसून झाल्यावर मात्र मला राग आला. या वयात भिंतीवरून उडी? गुडघ्याला काय लावलंस? आणि ती जागा कुणाची आहे हे विचारायचं तिघांपैकी एकालाही सुचलं नाही? रखवालदाराने बोलावं तेवढं थोडंच. तो त्याची नोकरी करत होता, चोरासारखे तर तुम्ही शिरलात.

बाबांना सांगितलेलं नाही. सांगणार नाही, पण एका अटीवर. त्या लाँड्रीत जाण्याआधी तुझ्या डॉक्टरांना विचार, की आपण तिथे कशासाठी जातोय. त्या बाईंसाठी की कॅमेऱ्यासाठी? हे पत्र पोहोचेपर्यंत तुम्ही जाऊन आलेले असाल, तरी विचार. माझ्यासमोर रोज म्हातारी माणसं येऊन बसतात. बरोबर आलेला मुलगा किंवा सून मला बाजूला घेऊन कुजबुजते, की यांना हल्ली भास होतात. मी आधी त्या म्हाताऱ्या माणसाला विचारते, की कानाला यंत्र लावू का? ऐकू येतं की नाही याचं उत्तर तुम्हाला हवं आहे ना? कधीकधी नको असतं गं त्यांना. मग मी थांबते.

आणि भुताशी नीट बोला. तो कुणाचा तरी नवरा आहे.

आता जरा खालच्या आवाजात विचारते: धप्प आणि फुस्स यांच्यामध्ये किती वेळ जातो? तुझ्यामुळे मलाही चैन पडेना. सविस्तर कळव.

तुझ्या मायेची हक्कदार
भिंगरी


दि. ८ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

ऐकला! अगं, आम्ही तिघांनी ऐकला! अजून अंगावर काटा आहे. तुझं पत्र आजच आलं, आणि ते आधी आलं असतं तर फार बरं झालं असतं. पण सगळं ओळीने सांगते.

दुकान लहान आहे, पण लखलखीत. लाँड्रीवाल्या वहिनी (मी त्यांना वहिनीच म्हणते) आता साध्या इस्त्रीवर शर्ट करतात आणि घड्या अशा घालतात की उलगडायला जीव होत नाही. त्यांनी आम्हाला बाकावर बसवलं, पाणी दिलं आणि स्वतः घड्या घालत उभ्या राहिल्या. थोड्याच वेळात मागच्या भिंतीतून आवाज सुरू झाला. धप्प. माझ्या मनात येईपर्यंत फुस्स. मधला वेळ विचारतेस ना, एक शर्ट दाबून उचलावा इतकाच. मी डॉक्टरांचा दंड एवढा घट्ट धरला की त्यांच्या हातातला कॅमेरा हलला.

डॉक्टरांना चेव आला. ते भिंतीकडे तोंड करून ओरडले, की हिंमत असेल तर समोर ये, आम्हाला खूण दाखव. वहिनींनी हातातला शर्ट खाली ठेवला. आवाज न चढवता म्हणाल्या, की माझ्या दुकानात ह्यांना अरेतुरे केलेलं मी खपवून घेणार नाही. काय विचारायचं ते अहो म्हणून विचारा, आणि ते कामात असताना विचारूच नका.  डॉक्टरांनी माफी मागितली, वहिनींची आणि मग भिंतीचीही!

तेवढ्यात लिफ्टवाली उठून मागच्या गल्लीत गेली. जरा वेळाने आतला आवाज एकदम थांबला. वहिनी म्हणाल्या, की दमले असतील, आता जरा बसतील. काही क्षणांनी आवाज पुन्हा सुरू झाला आणि त्या हसल्या. किती साधं हसल्या म्हणून सांगू. आणि मला दारात लिफ्टवाली दिसली. ती मला डोळ्यांनी बाहेर बोलावत होती.

मागे एका हॉटेलचं धुलाईघर आहे. दुपारी तिथला बॉयलर पेटतो. तिथून वाफेची एक नळी वहिनींच्या दुकानात येते. यजमानांनीच हॉटेलशी बोलून ती घेतली होती, यंत्राला वाफ मिळावी म्हणून. यंत्र विकल्यावर नळीचं तोंड बंद केलं. आता कोंडलेली वाफ नळीला भिंतीवर आपटते आणि सांध्यातून फुसकन सुटते. लिफ्टवालीने व्हॉल्व्ह बंद केला तेव्हा यजमान दमले, उघडला तेव्हा पुन्हा कामाला लागले.

आम्ही वहिनींना काही न सांगता निघालो. रस्त्यात तिघांचं कडाक्याचं भांडण झालं. डॉक्टर म्हणतात, नळीचा भाग गाळून चित्रफीत दाखवू, त्या बाईंचंही समाधान, आपलंही नाव. लिफ्टवाली म्हणते, ही शुद्ध फसवणूक आहे, सरळ नळीच दाखवू. आणि मला दोघांचंही पटेना. कारण निघताना वहिनींनी माझा हात धरून एक गोष्ट सांगितली. त्यांचा मुलगा म्हणतो की आईला भास होतात. त्याने वहिनींच्या नेहमीच्या डॉक्टरांना (आमचे दातांचे नव्हेत) गाठून तसं सांगितलंही आहे. महिनाअखेर दुकान बंद करून तो त्यांना आपल्याकडे नेणार आहे. आम्हाला बोलावलं ते भूत घालवायला नव्हे गं, साक्षीला.

आता बघ पेच. खरं सांगितलं तर त्या शहाण्या ठरतात आणि दुकान वाचतं, पण यजमान जातात. गप्प बसले तर यजमान राहतात आणि त्याच वेड्या ठरतात. मी काय करू? उलट टपाली लिही.

तुझी घाबरलेली (भुताला नव्हे)
आत्या


दि. ११ फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

घाईत लिहिते आहे, बाहेर माणसं खोळंबली आहेत.

तुम्ही तिघं ज्यावरून भांडताय ती गोष्ट तुमची नाहीच. नळी त्यांच्या भिंतीत आहे, नवरा त्यांचा आहे. तू एकटी जा. कॅमेरा नको, यंत्र नको, डॉक्टर तर नकोच. आम्हाला काहीतरी सापडलंय, ते तुम्हाला कळायला हवं आहे का, एवढंच विचार. नको म्हणाल्या तर चहा पिऊन परत ये आणि ते पोटात ठेव. हो म्हणाल्या तर सगळं सांग, गोड करून सांगू नकोस. आणि त्यांच्या तोंडून होकार येईपर्यंत ती चित्रफीत कुणालाही दिसता कामा नये. डॉक्टर ऐकत नसतील तर त्यांना माझा पत्ता दे.

एक मात्र खात्रीने सांगते. आपल्याला जे ऐकू येतं ते खरोखर आहे, हे समजल्यावर माणसाचा चेहरा कसा होतो ते मी रोज बघते. तेही त्यांच्या वाट्याला यायला हवं.

मला झोप लागत नाहीये. लवकर कळव.

तुझी, दुरूनच नखं खाणारी
भिंगरी


दि. १९ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

कुठून सुरुवात करू! तुझं पत्र हातात घेऊनच लाँड्रीत गेले. वहिनी एक चादर घडी करत होत्या. दुसरं टोक मी धरलं आणि तू सांगितलंस तसं विचारलं. त्यांनी आधी चादरीची घडी पूर्ण केली. मग म्हणाल्या, सांगा.

मी सांगितलं. नळी, वाफ, व्हॉल्व्ह, सगळं. ते दमले असं तुम्ही म्हणालात तेव्हा ती मुलगी गल्लीत होती, हेही सांगितलं. मला वाटलं त्या रडतील. त्या भडकल्या! यजमान नाहीत म्हणून नव्हे. तीन परकी माणसं त्यांच्याच बाकावर बसून त्यांच्याच घरातली गोष्ट त्यांच्याआधी जाणून घेतात, आणि त्यांच्या हातचं पाणी पिऊन चूपचाप निघून जातात, म्हणून. मी मान खाली घालून ऐकलं, कारण त्यांचा शब्द न् शब्द बरोबर होता. शेवटी त्यांनी मला दार दाखवलं.

घरी येऊन मी डॉक्टरांकडे गेले आणि तुझी दोन्ही पत्रं त्यांच्यासमोर ठेवली. एक पेशंट खुर्चीत आ वासून बसला होता, तोही ऐकत होता. डॉक्टरांनी वाचलं, बराच वेळ हात धुतले आणि माझ्यादेखत ती चित्रफीत पुसून टाकली. मला त्यांचं फार कौतुक वाटलं. त्यांना त्या चित्रफितीची किती हौस होती ते मला माहीत आहे.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दारात कोण, तर वहिनी! म्हणाल्या, नळी दाखवा. मी चप्पल कुठली घातली तेसुद्धा बघितलं नाही. लिफ्टवालीला निरोप धाडला. तिने या खेपेला आधी बॉयलरवाल्याची परवानगी काढली, न विचारता हात लावला होता म्हणून त्याचीही माफी मागितली. बॉयलर पेटल्यावर वहिनींनी स्वतः व्हॉल्व्ह फिरवला. बंद. मी दुकानातून ओरडून सांगितलं, थांबला. उघडला. मी ओरडले, सुरू झाला! असं त्यांनी तीनचारदा केलं. आत आल्या तेव्हा कपाळावर घाम होता, आणि भिंगरी, तू म्हणतेस तो चेहरा मी बघितला. त्या म्हणाल्या, मला ऐकू येत होतं ते येतच होतं तर! आणि मला मिठी मारली. मग रडल्या, दोघीही रडलो.

त्यांनीच मुलाला दुपारचं बोलावून घेतलं. आम्हालाही थांबायला सांगितलं, आणि डॉक्टरांनाही बोलावलं. मुलगा आला तो घड्याळाकडे बघतच. आल्या आल्या म्हणाला, की आई, पुन्हा तेच नको. वहिनींनी त्याला स्टुलावर बसवलं, बोलू नकोस म्हणाल्या. वर्षभरात तो त्या वेळेला कधी दुकानात टेकलाच नव्हता गं. येणार संध्याकाळी, जाणार उभ्याउभ्या.

धप्प झालं आणि त्याने मान अशी झटकन वळवली, जणू कुणी हाक मारली. मग फुस्स. पुन्हा धप्प. त्याचा रंगच उतरला. वहिनी नळीबद्दल सांगू लागल्या, लिफ्टवालीने बाहेर नेऊन दाखवते म्हटलं, त्याला काही ऐकूच जात नव्हतं. तो उठून भिंतीजवळ गेला आणि तिला कान लावून उभा राहिला. एवढा थोराड बाप्या, मुलासारखा हमसून हमसून रडायला लागला. म्हणाला, की शाळेतून आलो की हा आवाज ऐकत मी झोपायचो. डॉक्टरांनी स्वतःहून आवाज टिपायच्या यंत्रातल्या बॅटऱ्या काढल्या, टेबलावर ठेवल्या आणि आम्हा दोघींना खूण करून बाहेर आणलं. आम्ही फुटपाथवर उभे राहिलो. आत मायलेक काय बोलले ते आम्हाला माहीत नाही, आणि आम्ही विचारलंही नाही.

आता निकाल ऐक. दुकान बंद होणार नाही. मुलाने आईची माफी मागितली आणि ज्यांना भासाचं सांगितलं होतं त्या डॉक्टरांकडे जाऊन आपलं बोलणं मागे घेऊन आला. नळीचं काय, हा प्रश्न होता. लिफ्टवाली म्हणाली, की सांधा फार दिवस टिकायचा नाही, ती कायमची बंद करायलाच हवी. वहिनी तयार होत्या. उद्याच या म्हणाल्या. माझं ऐकून झालंय.

आणि मुलगाच नाही म्हणाला! अजून थोडे दिवस राहू दे, म्हणाला. तेव्हापासून तो रोज दुपारी येतो, जेवणाचा डबा इथेच उघडतो आणि भिंतीला पाठ टेकून बसतो. काल मी कपडे घ्यायला गेले तर त्याला तिथेच डुलकी लागली होती. लिफ्टवाली पाना घेऊन दारात उभी होती. वहिनींनी तिला बोटाने गप्प राहायला सांगितलं, बाहेर आल्या आणि हळूच म्हणाल्या, की अजून नको. त्याचं होऊ दे.

दादाला आता सगळं सांगितलंस तरी चालेल. उत्तर लांबलचक लिही आणि माझ्यावर जी माया करतेस ती अशीच दटावून करत जा.

तुझी
आत्या